आधी वेळ द्या, मग नियोजन शिकवा

चौथीतल्या मुलाच्या दिवसातला कोणता तास त्याचा स्वतःचा असतो? प्रश्न सोपा आहे. उत्तर शोधायला बसलं की आईवडील गप्प होतात. सकाळ आवराआवरीची आणि व्हॅनवाल्या काकांची. दुपार शाळेची. संध्याकाळी शिकवणी, शिकवणीवरून अबॅकस नाहीतर स्केटिंग नाहीतर तबला. मग गृहपाठ, जेवण, झोप. मध्ये कुठेतरी अर्धा तास सापडतो, त्यात मोबाइल हातात येतो, आणि घरातलं सगळ्यात मोठं भांडण नेमकं त्या अर्ध्या तासावरून होतं. याच मुलाबद्दल पालकसभेत तक्रार असते : “याला वेळेचं भानच नाही हो!”

कशाचं भान ठेवायचं त्याने? ज्या पोराच्या हातात कधी दहा रुपये ठेवले नाहीत, त्याला हिशेब येत नाही म्हणून आपण रागावत नाही. वेळेच्या बाबतीत मात्र खुशाल रागावतो. दिवसाची मिनिटंन् मिनिटं आपण वाटून टाकायची आणि नियोजन येत नाही म्हणून बोल त्याला लावायचा, हा अन्याय आहे. मुलांच्या वेळेबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

सगळा दोष शाळेच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन मागतो. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. भागाकार करून पाहा. धाकट्यांना दिवसाला चार तास, थोरल्यांना साधारण साडेचार. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्यात जास्तीत जास्त दोन तास आणि सहावी ते आठवीला दिवसाला एक तास आहे. आठवड्यात दोन तास! बहुतेक घरांत तेवढा गृहपाठ मंगळवारपर्यंतच झालेला असतो.

म्हणजे सरकारी कागदांनी मुलाच्या दिवसात भरपूर जागा ठेवली आहे. ती जागा भरली कोणी? शाळांनी थोडी, प्रवासाने थोडी, आणि मोठा वाटा आपल्या भीतीने. शेजारची मुलगी तिसऱ्या क्लासला जाते म्हणून आपण चौथा लावतो. प्रत्येक क्लासच्या फीचा हिशेब घरात होतो. जाण्यायेण्यासकट त्या क्लासने मुलाच्या आठवड्यातले किती तास नेले, हा हिशेब कुणीच करत नाही.

मग अशा भरगच्च दिवसात मुलाला पुढे ढकलत राहावं लागतं. “आटप लवकर.” “अजून दूध संपलं नाही?” “किती वेळ लावतोस रे!” सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत घड्याळाचं काम आई करते. काही घरांत आजी, क्वचित वडील. मूल घड्याळाकडे बघत नाही, कारण बघायची गरजच पडत नाही. पहिली हाक सोडायची असते, दुसरीलाही थोडा अवकाश असतो, तिसरी हाक चढ्या आवाजात आली की उठायचं, एवढं त्याला पक्कं कळलेलं असतं. वर्षानुवर्षं हाच सराव आपण त्याच्याकडून करून घेतो. नववीत गेल्यावर तेच मूल “स्वतःहून अभ्यासाला बसत नाही” म्हणून समुपदेशकाकडे नेलं जातं.

लहान मुलांना मिनिटं कळत नाहीत, ही गोष्टही आपण विसरतो. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या कालकल्पनेवर १९४६ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. त्या कामाला चालना मिळाली ती अल्बर्ट आइन्स्टाइनने त्याला विचारलेल्या प्रश्नांतून. पियाजे मुलांसमोर दोन वस्तू एकाच वेळी सोडायचा आणि एकाच वेळी थांबवायचा. एक वेगाने गेल्यामुळे लांब पोचायची, दुसरी मागे राहायची. लहान मुलं छातीठोकपणे सांगायची की लांब गेली तिला जास्त वेळ लागला. अंतर, वेग आणि काळ यांचा गुंता त्यांच्या डोक्यात अजून सुटलेलाच नसतो. अशा पाच वर्षांच्या मुलाला आपण “बरोबर दहा मिनिटांत खाली ये” म्हणतो आणि ते अर्ध्या तासाने आलं की धपाटा देतो.

त्या वयाला मिनिटांपेक्षा घटना कळतात. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत चित्र काढ. आजीची पूजा संपली की अंघोळीला. दिवेलागणीला घरात. आपल्या आज्या पोरांना असंच सांगायच्या, आणि त्यामागे चांगली समज होती. जरा मोठ्या मुलासाठी भिंतीवर काट्यांचं घड्याळ लावा. आकड्यांचं घड्याळ पाच वाजून वीस मिनिटं एवढंच सांगतं. सहा वाजायला अजून किती उरलं ते काट्यांच्या घड्याळात डोळ्यांना दिसतं. शंभर-दोनशे रुपयांची ही वस्तू वेळापत्रकाच्या कुठल्याही रंगीत तक्त्यापेक्षा जास्त कामाची आहे.

मूल मोठं झालं म्हणून अंदाज आपोआप येत नाही. सहावीतली मुलगी म्हणते, “इतिहासाचे चार प्रश्न ना? वीस मिनिटांत होतील.” लागतो एक तास. आपण म्हणतो, खोटारडी. खोटं बोलत नाही ती. माणसाचं डोकंच असं चालतं. कॅनडात रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. सरासरी अंदाज आला ३४ दिवसांचा. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही हमखास सांगितला जातो. विद्यापीठातल्या हुशार विशीतल्या मुलांचे हे हाल, तर अकरा वर्षांच्या पोरीकडून आपली अपेक्षा कसली?

पण अंदाज सुधारता येतो, आणि त्याला क्लास लागत नाही. अभ्यासाला बसताना वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा लिहायचा : किती मिनिटं लागतील असं वाटतं. संपल्यावर शेजारी दुसरा आकडा : खरी किती लागली. बस्स. आकड्यांत फरक पडला की आपण भुवया उंचावायच्या नाहीत, “बघ, मी म्हटलं नव्हतं?” तर मुळीच म्हणायचं नाही. फरक का पडला ते मूल स्वतः शोधतं. लिहायला पंचवीसच मिनिटं लागली होती, बाकीचा वेळ पुस्तक शोधण्यात, कंपासपेटीत पट्टी धुंडाळण्यात, पाणी प्यायला उठण्यात आणि मैत्रिणीला “कुठला धडा ग?” विचारण्यात गेला होता. गणिताचा अंदाज जवळपास येतो आणि मराठीच्या निबंधाचा साफ चुकतो, हेही त्याच्या ध्यानात येतं. काही आठवड्यांत दोन आकडे एकमेकांच्या जवळ सरकायला लागतात. त्या दिवशी त्या मुलाला जे कळलं ते आयुष्यभर पुरणारं आहे, आणि ते त्याने स्वतः मिळवलेलं आहे. आईने ओरडून बसवलेल्या अभ्यासातून ते कधीच मिळालं नसतं.

यात एक अट आहे, आणि तीच आपल्याला जड जाते. चुकायची मोकळीक द्यावी लागते, आणि चुकायला मुळात स्वतःचा मोकळा वेळ लागतो.

कॉलोराडो विद्यापीठात जेन बार्कर, युको मुनाकाता आणि सहकाऱ्यांनी सहा-सात वर्षांच्या ७० मुलांचा आठवडा तपासला. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. शिकवण्या, प्रशिक्षण, गृहपाठ असा मोठ्यांनी आखलेला वेळ एका बाजूला. मोकळा खेळ, भटकणं, स्वतः निवडलेलं वाचन दुसऱ्या बाजूला. ज्या मुलांच्या वाट्याला मोकळा वेळ जास्त होता, ती स्वतः ध्येय ठरवून त्या दिशेने जाण्याच्या चाचणीत सरस ठरली. आखलेला वेळ जास्त असलेली मुलं त्यात मागे होती. यावरून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाही, असं संशोधकांनीच स्पष्ट केलं आहे आणि ते मान्य करायला हवं. तरी आपली दिशा एकदा तपासून पाहण्याइतकं बळ त्यात नक्की आहे. ज्याला कायम “आता हे कर, आता ते कर” ऐकायची सवय आहे, त्याने “आता काय करू?” हा प्रश्न स्वतःला विचारायचा तरी कधी?

बहुतेकांना तो प्रश्न पहिल्यांदा अठराव्या वर्षी पडतो. अकरावीला नाव एका महाविद्यालयात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, ही सोय राज्यात सर्रास आहे. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाही, शाळा-महाविद्यालयाच्या वेळेत वर्ग नाहीत, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवणं नाही. सूचना काढून वर्षं उलटली. आठवीपासूनच्या ‘फाउंडेशन बॅच’चे फलक आपल्या चौकात आजही तसेच झळकताहेत. त्यातून पार पडलेलं मूल अभियांत्रिकीच्या वसतिगृहात पोचतं आणि त्याला जन्मात पहिल्यांदा एक रिकामी दुपार मिळते. हाक मारायला कुणी नसतं. पहिल्या सत्रात विषय राहतात ते बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. स्वतःचा दिवस कसा हाताळायचा, हे ते तिथे पहिल्यांदा शिकत असतं, आणि सगळ्यात महागड्या जागी शिकत असतं.

मुलांच्या वेळेचा मान राखणारी शाळा महाराष्ट्राने पाहिलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम केलं. मुलं गुरं चारायला जात, शाळेत येऊ शकत नसत. त्यांना ‘गैरहजर’ ठरवून मोकळं होणं सोपं होतं. या दोघींनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. मुलांचा दिवस कसा जातो ते आधी समजून घ्यायचं आणि मग शिकवण्याचा घाट घालायचा, असा तो क्रम होता. आज शहरातल्या सुखवस्तू घरात तो क्रम नेमका उलटा झाला आहे. आणि खेड्यातही आपण फार शिकलो असं म्हणवत नाही. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर दिवाळीच्या सुमाराला गाव सोडणाऱ्या मुलांचं वर्ष शाळेच्या वर्षाशी अजूनही जुळत नाही.

मुलींबद्दलही इथेच बोलून घेतो. ज्या घरात सातवीतली मुलगी भांडी घासते, पाणी भरते, धाकट्या भावाला शाळेसाठी तयार करते आणि मग स्वतः धावत शाळा गाठते, तिथे तिला वेळेचं नियोजन शिकवायला जाऊ नका. ते तिला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येतं. तिच्याकडे वेळ नाही, ही तिची अडचण आहे. तिच्या वाट्याची निम्मी भांडी भावाच्या हातात द्या. दोघांचंही भलं होईल : तिला तास मिळेल आणि त्याला कामाला किती वेळ लागतो ते कळेल.

आता झोप. झोपेतून अर्धवट उठवलेलं मूल वेळ काय सांभाळणार? डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा जाहीरपणे मांडला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने निर्णय काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगला निर्णय. बसवाल्यांनी कुरकुर केली, एका इमारतीत दोन अधिवेशनं चालवणाऱ्या शाळांची पंचाईत झाली, हे खरं आहे. सकाळची आणि दुपारची पाळी आपल्याकडे हौसेने लावलेली नाही, वर्गखोल्या कमी म्हणून लावलेली आहे. तरी निर्णय योग्यच होता.

पण तो चौथीवर थांबला. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग उशिरा येते. तो आळस नाही, शरीराचा धर्म आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं की तिथल्या मधल्या आणि वरच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत. आपल्याकडे अनेक शाळांत सकाळी सातची पाळी याच वयाच्या वाट्याला येते. धाकट्यांना नऊची सवलत मिळाल्यावर खोल्यांचं गणित जुळवायला थोरल्यांना पहाटे आणलं जात असेल, तर एका मुलाची झोप काढून दुसऱ्याला दिल्यासारखं झालं. उत्तर वर्गखोल्या बांधण्यात आहे. ते खर्चाचं आहे, आणि तो खर्च सरकारने करायला हवा.

शाळांकडेही एक मागणी आहे. प्रकल्प. रात्री नऊ वाजता स्टेशनरीच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या बापांना विचारा. कार्डशीट, चकाकी कागद आणि ‘जलचक्रा’ची छापील चित्रं घेऊन ते घरी जातात, साडेअकरापर्यंत चिकटवतात, मूल शेजारी झोपलेलं असतं. त्या प्रकल्पाला पैकीच्या पैकी गुण मिळतात. शिक्षकांनो, हे तुम्हाला दिसतं. एका नजरेत कळतं की हात मोठ्यांचा आहे. मग गुण कसले देता? तीन आठवडे आधी विषय द्या. पहिल्या आठवड्यात फक्त मुलाच्या अक्षरातला कच्चा आराखडा बघा, दुसऱ्यात अर्धवट काम बघा. वाकडंतिकडं पण स्वतःचं असलेलं काम भिंतीवर लावा. मोठं काम तुकड्यांत कसं फोडायचं ते मुलांना इथेच शिकता येतं, आणि ते शिकवायला शाळेसारखी दुसरी जागा नाही.

आणि पालकहो, प्रकल्प राहिला तर राहू द्या. वही घरी विसरली तर ती घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत स्कूटर दामटू नका. पाचवीत वही विसरण्याची किंमत बाईंचे दोन शब्द आणि एक शेरा एवढीच असते. इतक्या स्वस्तात हा धडा पुढे कुठेच मिळणार नाही. फक्त त्या संध्याकाळी मूल घरी आल्यावर तेच बोलणं दुसऱ्यांदा ऐकवू नका. “उद्यासाठी काय केलंस तर विसरणार नाही?” एवढं विचारा आणि उत्तर त्याच्याकडून येऊ द्या. रात्रीच दप्तर भरीन म्हणेल, दारावर चिठ्ठी लावीन म्हणेल. ती युक्ती फसलीही तर त्याची स्वतःची असेल, दुसरी शोधेल.

मोबाइलबाबत मी कडक आहे. मोकळा वेळ मुलाचा म्हटला की लगेच विचारणा होते, मग त्यात दिवसभर रील्स पाहिल्या तर? नाही, तो या वेळात धरायचाच नाही. एक संपायच्या आत दुसरा व्हिडिओ आपोआप सुरू व्हावा, अशी त्याची रचना मोठ्या माणसांनी मुद्दाम केलेली आहे. थांबायची जागाच त्यात ठेवलेली नाही. तिथे दहा वर्षांच्या मुलाच्या संयमाची परीक्षा घेणं अन्यायाचं आहे. चाळिशीतली माणसंही तिथे रोज हरतात. मोबाइलची वेळ वेगळी, ठरलेली, आणि घरातल्या सगळ्यांना लागू. बाप जेवताना स्क्रोल करत असेल तर नियम मोडला तो बापाने.

एवढं वाचून कुणीतरी विचारणारच, “आणि शिष्यवृत्तीचा अभ्यास?” तो होईल, मुलाची तयारी असेल तर चांगला होईल. पण मोकळा वेळ चांगल्या गुणांचं बक्षीस म्हणून द्यायचा नसतो. विश्रांती, विरंगुळा आणि खेळ हा मुलाचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं एकतिसावं कलम सांगतं, आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. म्हणून या रविवारी घरात एवढं करा. मुलाच्या आठवड्याचा कागद मांडा, प्रत्येक क्लासपुढे जाण्यायेण्यासकट तास लिहा, आणि मुलाला सरळ विचारा की यातला कोणता बंद करू या. ते जो सांगेल तो बंद करा, तुमच्या आवडीचा निघाला तरी. सुटलेल्या तासांत नवं काही भरू नका. पहिले दोन आठवडे ते “कंटाळा आला” म्हणत घरभर फिरेल, तुमच्या मागे लागेल, सोफ्यावर लोळेल. लोळू द्या. काहीही सुचवू नका.